अस्सलबरहुकूम

कोर्ट नाक्यावर, स्टँपवाल्यांच्या रांगेत
शेवटचं टेबल माझं.
मशीन एक, टाइपरायटर एक.
तो आता फक्त कागद उडू नयेत म्हणून.

दिवसभर एकच शब्द ऐकते, दहा तोंडांनी.
वकील म्हणतात, "इन डुप्लिकेट हवंय",
म्हणजे दोन प्रती, दोन्हींवर ओली सही,
दोन्ही खऱ्या.
पलीकडचा चावीवाला इरफान म्हणतो, "डुप्लिकेट चाळीस रुपये",
आणि त्याची चावी कुलूप उघडते,
कधीकधी मूळ चावीपेक्षा गुमान.
ज्याचं लायसन्स कळव्याच्या पुलावरून खाडीत पडलं
त्याला सरकार डुप्लिकेट देतं.
मग तेच खरं, खाडीतलं खोटं.
आणि उथळसरच्या गॅरेजात मेस्त्री
ब्रेकचा तुकडा बोटांत फिरवून
नुसतं तोंड वाकडं करतो:
"डुप्लिकेट आहे."

आपल्या गावी हा शब्द सरळ असावा.
दुहेरी, दोनपदरी, एवढाच.
खाडी ओलांडून इकडे येताना
कुठेतरी त्याची अब्रू गेली.
आम्ही तरी कुठे सोवळे!
आमची 'नक्कल' बघा:
कोर्टात तिची खिडकी आहे, अर्ज आहे, फी आहे,
आणि शाळेच्या गॅदरिंगला तीच
हेडमास्तरांसारखी लंगडत स्टेजवर येते.

अण्णा त्या खिडकीमागे एकतीस वर्षं.
नक्कलनवीस.
पानाच्या शेवटी लिहायचे 'अस्सलबरहुकूम नक्कल',
जोडाक्षरांवर जरा रेंगाळत,
जणू तेवढंच त्यांचं स्वतःचं.
एकदा जुन्या निकालात बाळकुमचं 'बाळकूस' झालेलं.
मी आठवीत. म्हटलं, अण्णा, सुधारा ना.
म्हणाले, चूकही चुकवायची नाही.
नकलेला अक्कल लागते म्हणतात;
अण्णांच्या लेखी ती अक्कल म्हणजे
हात आवरणं.

काल कोलशेतच्या दमयंती मढवी आल्या.
धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशवीतून
एक चिठ्ठी काढली, डायरीचं अर्धं पान:
'गॅसवाला येईल. पैसे डब्याखाली.
सुकट मी आणतो.'
खाली सही नाही.
घरच्या चिठ्ठीवर कोण सही करतं?
"शाई उडायला लागलीय," म्हणाल्या.
"आणि ताई, डुप्लिकेट नको हां.
झेरॉक्स द्या."

मी हसले नाही.
काच पुसली, दोनदा. रंगीत लावली.
घडीची रेघ आली, हळदीचा डाग आला,
'सुकट'मधल्या ट-ची लांबलेली शेपटी आली.
दोन्ही कागद शेजारी ठेवले.
त्या बघत राहिल्या, मग घाबरून माझ्याकडे:
"यातला आपला कुठला?"

मी दोन्ही पालथे घातले.
डोळे मिटा म्हटलं, बोट फिरवा.
एक पाठ सपाट.
दुसरीवर अक्षरं उठलेली, उलटी, बारीक,
अंगावर काटा यावा तशी.
"दाबूनच लिहायचे," त्या म्हणाल्या.
"किती पेनं मोडली."

रात्री अण्णांची एक नक्कल शोधली,
शाई सांडून बाद झालेली, म्हणून घरी उरलेली.
पालथी घातली.
नक्कलच ती, पण बाळकूस
बोटाला लागलं.
हिला काय म्हणायचं?
त्या भाषेत सापडत नाही मला, ह्याही नाही.

हो, आणि मढवीबाई जाताना
मशीनमधून निघालेला तो गरम कागद त्यांनी उचलला,
आणि छापून आलेल्या घडीवरच
त्याला घडी घातली.